अण्णांची मोटार आणि अर्धा लिटर तेल

मराठी शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या पोटातील दंतचक्रांवर लेख लिहावा, हे वाचकांना जरा नवलाचे वाटेल. आमच्या स्टाफरूममध्येही वाटले. गेल्या वर्षी दोन महिने माझ्या नखांतला काळा रंग जात नव्हता आणि उत्तरपत्रिकांवर बोटांचे ठसे उमटत होते. इतिहासाचे आमचे सहकारी एकदा म्हणाले, "सर, व्याकरण सोडून वंगण हाती घेतलंत वाटतं!" मी हसलो, पण आतून हसू येत नव्हते. घरातली एक वस्तू बिघडली होती, ती वडिलांच्या हातची होती आणि ती माझ्यामुळे बिघडली होती. त्या बिघाडाची ही हकीकत. ज्यांच्या दाराशी मोटार नाही त्यांनीही ती वाचायला हरकत नाही. कारण असला बिघाड केवळ मोटारीतच होतो असे नाही.

आमची मोटार म्हणजे १९६४ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. तरुण वाचकांना हे नाव ठाऊक असण्याचा संभव कमी. ज्या काळात आपल्याकडे मोटार घ्यायची म्हणजे ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीन नावांपलीकडे फारशी निवड नसे, त्या काळातले हे तिसरे भावंड. ॲम्बॅसडर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला होई, फियाट मुंबईत कुर्ल्याला आणि हेराल्ड मद्रासला. मूळ गाडी विलायतेतील कॉव्हेंट्री गावची. १९५९ मध्ये ती तेथे 'ट्रायम्फ हेराल्ड' म्हणून बाजारात आली. तिचा आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने काढलेला. १९६१ पासून ती मद्रासला 'स्टँडर्ड' या नावाने होऊ लागली. इंजिन अवघे ९४८ सी.सी.चे, पण गाडी दिसायला मोठी ऐटबाज. इंजिन पाहायचे झाले, तर नुसते झाकण उघडत नाही. मडगार्ड आणि दिव्यांसकट पुढचा सारा भाग पेटीच्या झाकणासारखा पुढे उलटतो. लहानपणी आमच्या आळीतली पोरे तेवढे पाहण्यासाठी ओट्यावर येऊन बसत.

माझे विद्यार्थी तिला 'सरांची स्पोर्ट्स कार' म्हणतात. यात चेष्टा आहे, पण ती अगदीच निराधार नाही. याच हेराल्डचा सांगाडा आखूड करून त्याच मिकेलोत्तीच्या हातून १९६२ मध्ये 'ट्रायम्फ स्पिटफायर' ही दोन माणसांची स्पोर्ट्स मोटार निघाली. १९८० पर्यंत ती तीन लाखांहून अधिक निघाली आणि आज विलायतेत हौशी लोक तिला जिवापाड जपतात. आपल्याकडे ती कधी बनली नाही. परंतु त्या स्पोर्ट्स कारची मागची चाके फिरविणारे जे यंत्र, ते आणि आमच्या हेराल्डचे यंत्र एकाच घराण्यातले. त्या यंत्राचे नाव डिफरन्शियल. माझी सारी कथा त्याचीच आहे.

महिन्याचा पहिला रविवार

अण्णा, म्हणजे माझे वडील, सुताचे दलाल होते. मालेगावात मागांचा खडखडाट नसलेली गल्ली शोधावी लागते. त्या मागांना लागणारे सूत पुरविणाऱ्यांत अण्णा एक. धुळे, मनमाड, सटाणा, नाशिक अशी त्यांची सतत फिरती असे. १९७६ मध्ये त्यांनी नाशिकच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी जुनी म्हणून घेतली. माझा जन्म त्यानंतरचा. तेव्हा घरात वडीलकीचा मान माझ्यापेक्षा तिचाच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अण्णा गोणपाट अंथरून गाडीच्या मागच्या बाजूने खाली शिरत. पाना देण्याचे काम माझे. डिफरन्शियलच्या अंगाला एक बूच असते. ते काढून अण्णा त्या भोकात करंगळी घालीत आणि बाहेर काढून मला दाखवीत. करंगळीच्या टोकाला तेल लागले, की "आहे" एवढे म्हणत आणि बूच लावीत. नाही लागले, तर पिचकारीने थोडे तेल भरीत. त्या तेलाला सडक्या अंड्यासारखा उग्र वास येई. मी नाक दाबी, अण्णा हसत. त्या यंत्राच्या पोटात तेल मावते ते जेमतेम अर्ध्या लिटरच्या वर. पाव्हण्याला आपण तांब्या भरून पाणी देतो, त्याहूनही कमी.

२०२० च्या डिसेंबरात अण्णा गेले. गाडी माझ्याकडे आली. मी ती रविवारी काढी, धुई, पुशी. इंजिनाचे तेल वेळेवर बदली. दसऱ्याला झेंडूची माळ घाली. फक्त ते मागचे बूच मी एकदाही उघडले नाही. मुद्दाम असे काही नव्हते. गोणपाटावर निजून खाली शिरायचे जिवावर येई, आणि एवढी वर्षे चाललेले यंत्र आता काय बिघडणार, असे वाटे. पुढे पुढे गाडी उभी करतो त्या जागी फरशीवर एक काळा डाग पडू लागला. सौभाग्यवतींनी तो दाखविला. मी काय करावे? दुकानातून एक पुठ्ठा आणला आणि त्या डागावर घातला! महिन्याने पुठ्ठा भिजला, तेव्हा दुसरा घातला. असे दोन वर्षांत किती पुठ्ठे घातले कोण जाणे. प्रत्येक पुठ्ठा मला काहीतरी सांगत होता. पण वर्गात ओळीओळीचा अर्थ लावणाऱ्या मला घरातला तो ठिपका वाचता आला नाही.

"ही किंचाळते"

गेल्या वर्षी चैत्रात आईला घेऊन सप्तशृंगगडावर गेलो होतो. अण्णा असताना ती दोघे दरवर्षी याच गाडीने जात. येताना गड उतरून नांदुरीकडे येऊ लागलो आणि मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. मागून बारीक, उंच असा आवाज सुरू झाला. पाय ठेवला की आवाज बदले. काढला की पुन्हा तोच. वळणावर गाडी हळू घेतली, तेव्हा मागे 'टण्' असे काहीतरी वाजले. मी गप्प राहिलो. आईला आजकाल शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येत नाही, पण ती मागच्या सीटवरून म्हणाली, "बाळ, गाडीचा आवाज असा नव्हता रे. ते असताना गाडी घुमायची. ही किंचाळते."

अण्णा रात्री-अपरात्री धुळ्याहून येत, तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आई उठून पाणी तापायला ठेवी. गल्लीत मोटारी चार होत्या. तिला आवाज कळे तो एकीचाच. तो आवाज मी घालविला होता. घरी येऊन बॅटरी घेतली आणि प्रथमच गाडीखाली शिरलो. बूच काढून करंगळी घातली. ती कोरडी निघाली. आणखी आत घातली, तेव्हा काळा, चिकट लगदा लागला. बोटाला लोखंडाची चकाकती कस होती.

यंत्राचे काम

पुढची हकीकत कळण्यासाठी हे यंत्र करते काय, हे थोडे सांगितले पाहिजे. बैलगाडीला याची गरज पडत नाही. तिचा आख जागच्या जागी असतो आणि दोन्ही चाके त्यावर आपापली स्वतंत्र फिरतात. ओढायचे बैलांनी, चाकांनी नुसते गडगडायचे. मोटारीत ओढणारा पुढे नसतो. मागच्या चाकांनाच गाडी ढकलावी लागते, म्हणून इंजिनाने ती फिरवावी लागतात. आता दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसविली, तर सरळ रस्त्याने ठीक चालेल. वळण आले की पंचाईत. आमच्या गाडीच्या दोन चाकांत सुमारे सव्वा मीटरचे अंतर आहे. मोसम पुलाच्या चौकाला मी एक पूर्ण वळसा घातला, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा साडेसात मीटरांहून थोडे जास्तच चालते. गंमत अशी, की वळसा लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दोघांना बांधून ठेवले, तर एकाला रस्त्यावर घासत जावे लागेल.

हे कोडे फार पूर्वी सुटलेले आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी अशी चक्रे योजिली. १८७७ मध्ये जेम्स स्टार्ली याने ती तीनचाकी सायकलीला बसविली. तो कॉव्हेंट्रीचाच, म्हणजे आमच्या हेराल्डच्या गावचा. युक्ती अशी : इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, ते पिनियन. ते एका मोठ्या चक्राला फिरविते, ते क्राऊन. क्राऊनच्या पोटाशी एक पिंजरा आणि त्यात दोन छोटी चक्रे असतात. गॅरेजवाले त्यांना 'स्टार' म्हणतात. ती दोन चाकांकडे जाणाऱ्या दोन चक्रांच्या मध्ये बसलेली असतात. सरळ रस्त्यावर हे स्टार स्वतःभोवती फिरतच नाहीत. सारा पिंजरा एकजीव होऊन फिरतो. वळण आले की ते हळूच स्वतःभोवती फिरतात आणि एक चाक जेवढे मागे राहते, नेमके तेवढेच दुसरे पुढे जाते. दोघांच्या फेऱ्यांची बेरीज मोडत नाही.

आणखी एक गोष्ट तेलासंबंधी. आमच्या गाडीतील क्राऊन-पिनियन 'हायपॉइड' जातीचे आहे. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९२६ मध्ये ते मोटारीत आणले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसते. त्यामुळे मधला दांडा खाली जातो आणि गाडीचा तळ सखल करता येतो. पण मग दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही. साधे तेल त्या दाबाने पिळून निघते आणि लोखंड लोखंडाला भिडते. म्हणून गंधकाचा अंश असलेले खास तेल घालावे लागते. लहानपणी मी नाक दाबी तो वास त्याचाच. ते तेल असेल तर दात वर्षानुवर्षे टिकतात. नसेल तर किती टिकतात, ते माझ्या करंगळीवर दिसत होते.

कापाकापीचा सल्ला

ज्या पहिल्या गॅरेजात गाडी नेली, तेथील मालकाने खाली वाकून पाहिले आणि निकाल दिला : "हे काढून टाका. चासी थोडी कापू, दुसऱ्या गाडीचा सरळ एक्सल बसवू. आठ दिवसांत मोकळे." सल्ला वेडगळ नव्हता. हेराल्डची मागची दोन चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. डिफरन्शियल सांगाड्याला घट्ट बांधलेले आणि त्याच्यावर आडवी कमान. ही रचना पुष्कळ मालकांना आणि मेकॅनिकांना भावली नाही. म्हणूनच सत्तरीच्या दशकात हेराल्डची जागा घेणारी 'स्टँडर्ड गझेल' निघाली, तेव्हा कंपनीनेच ती टाकून सरळ एक्सल घातला.

पण अण्णांच्या गाडीची चासी कापायची, या कल्पनेने माझ्या पोटात गोळा आला. नुसत्या भावनेचा प्रश्नही नव्हता. जुलै २०२१ पासून केंद्र सरकारचा नियम आहे, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या क्रमांकमालिकेत नोंदविता येते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केला, की तो मान गेला. अशी नोंद केली म्हणजे रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही. म्हणून मी अजून अर्ज केलेला नाही. तरी एकदा करवत चालली की ते दार कायमचे बंद. मी गाडी परत आणली. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग विकून टाका. निदान मोकळे तरी व्हाल." त्यांचेही चुकत नव्हते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर होता आणि माझा पगार कोणाला सांगायला नको. पण आई काही बोलली नाही, एवढ्यावरूनच मला काय ते कळले.

उस्ताद

अखेर अण्णांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मला उस्तादांकडे नेले. आग्रा रोडच्या एका बोळात त्यांचा एक लेथ आहे. वय सत्तरीच्या पुढे. उभा जन्म यंत्रमागांची फिटिंगे करण्यात गेलेला. मधून मधून जीप आणि ट्रकची डिफरन्शियलेही उघडलेली. साध्या मागातही वरचा शाफ्ट दोन फेरे फिरतो तेव्हा खालचा एक फिरतो. त्या जोडचक्रांत पोकळी वाढली की कापडात खोट येते. उस्ताद मागाजवळ उभे राहून, डोळे मिटून, चक्राची झीज सांगत, असे लोक म्हणतात.

त्यांनी पाना हातात घेतला नाही. मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चलिए, सौंदाणे तक." मी आग्रा रोडने गाडी काढली. वेग वाढव, पाय काढ, न्यूट्रल कर, अशा खुणा ते हाताने करीत. परत आल्यावर बोलले ते असे : ॲक्सिलरेटरच्या पायाबरोबर आवाज बदलतो, तेव्हा तो टायरचा नव्हे. पाय काढल्यावर जास्त ओरडते, तेव्हा पिनियनचे बेअरिंग ढिले झाले आहे. वळणावरचा 'टण्' हा स्टार चक्रांमागचे वॉशर झिजल्याचा. पण त्यात थोडा वाटा दांड्याच्या क्रॉसचाही असेल, म्हणून आधी क्रॉस पाहायचे. पुष्कळ लोक वीस मिनिटांत बदलणारा क्रॉस सोडून डिफरन्शियल खोलून बसतात! शेवटी म्हणाले, "प्रोफेसरसाब, अभी शिकायत कर रही है. दांत टूटने के बाद तो चुप हो जाती. अच्छा है, बोलते बोलते ले आए."

क्रॉस खरेच एक ढिला निघाला. तो बदलल्यावर 'टण्' निम्मा झाला, किंचाळणे तसेच राहिले. मग कमान उतरविली, दोन्ही बाजूंचे दांडे सोडविले आणि दोघांनी मिळून ते धूड बाकावर ठेवले. रॉकेलने धुतल्यावर आम्ही दात मोजले. पिनियनला ८, क्राऊनला ३९. मी म्हटले, "सरळ आठ आणि चाळीस का केले नाहीत?" उस्ताद हसले. आठाला चाळीस असते, तर पिनियनचा एक दात क्राऊनच्या त्याच त्या पाच दातांना जन्मभर भेटत राहिला असता. एखादा दात खराब असला, तर त्याने तेवढ्याच पाचांना खाल्ले असते. आठ आणि एकोणचाळीस यांचा तसा मेळ बसत नाही. म्हणून पिनियनच्या प्रत्येक दाताला क्राऊनचा प्रत्येक दात भेटतो आणि तीच जोडी पुन्हा भेटायला पिनियनचे ३९ फेरे व्हावे लागतात. झीज साऱ्यांत वाटली जाते. हिशेबात आपण ज्याला 'न जमणारा भागाकार' म्हणतो, तो येथे मुद्दाम योजलेला होता.

दात तुटले नव्हते. पण त्यांच्यावरची आरशासारखी चकाकी जाऊन बारीक ओरखडे आले होते. पिनियनचे सील वाळून चिरले होते. तेल तेथूनच गेले होते. मी ते सील हातात घेतले. बोटांनी दाबताच त्याचा तुकडा पडला. माझे सारे पुठ्ठे त्या तुकड्याने भरून पावले.

पुस्तकातला आकडा

आता करायचे काय? क्राऊन आणि पिनियन ही कारखान्यात एकत्र घासून तयार केलेली जोडी असते. एक जुने, एक नवे असे चालत नाही. बदलायचे तर दोन्ही. स्पिटफायरच्या पुण्याईने विलायतेत या घराण्याचे भाग आजही मिळतात. पण आरंभीच्या स्पिटफायरची जोडी ९ आणि ३७ दातांची. आमच्या गाडीत इंजिनाचे पावणेपाचाहून अधिक फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. त्या जोडीने चारांहून थोडे अधिक पुरे होतील. सपाट रस्त्यावर मजा. पण राहुड घाटात ९४८ सी.सी.च्या इंजिनाची दमछाक व्हायची आणि वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने कमी दाखवायचा. शिवाय किंमत, विमानाचे भाडे आणि जकात. मी वही मिटली.

उस्ताद म्हणाले, जुनीच जोडी ठेवू. बेअरिंगे, सील, वॉशर तेवढे नवे घालू. बेअरिंगांवर कोरलेल्या क्रमांकांवरून ती मुंबईहून मिळाली. सगळे मिळून साडेआठ हजार रुपये झाले.

बसविताना मात्र मी माझे शहाणपण दाखविले. अण्णांच्या कपाटात या गाडीचे दुरुस्तीचे पुस्तक होते. त्यात लिहिले होते, की क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांतली मोकळीक इंचाचा ४ ते ६ हजारांश असावी. उस्तादांनी दातांमध्ये शिशाची बारीक तार दाबून ती मायक्रोमीटरने मोजली होती. आमच्या दातांत नवी बेअरिंगे घालूनही मोकळीक ९ भरत होती. ते म्हणाले, "नौ ही रहने दो." मी म्हटले, "पुस्तकात सहाच्या वर नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण पढीक माणसाशी वाद घातला नाही. पातळ चकत्या इकडच्या तिकडे करून त्यांनी मोकळीक ५ वर आणली. मग तेलात शेंदूर कालवून दातांना लावला आणि चक्र फिरविले. मारुतीला लावतो तोच हा शेंदूर; तो शिशाचा असतो, म्हणून नंतर हात साबणाने दोनदा धुवायला लावले. दात जेथे जेथे टेकतात तेथला शेंदूर पुसला जातो आणि ठसा दिसतो. ठसा दाताच्या काठाशी, चिंचोळा उमटला. उस्तादांनी बोट दाखविले. मी पुस्तक दाखविले.

सगळे जोडून धुळ्याच्या रस्त्याने झोडग्यापर्यंत गेलो. काय सांगू! पूर्वी ती किंचाळत होती, आता भोंग्यासारखी ओरडू लागली. परत येईपर्यंत आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही. बोळात गाडी उभी केल्यावर उस्ताद शांतपणे म्हणाले, "किताब नए दांत के लिए है, साब. ये साठ साल साथ चले हैं. इन्होंने अपनी जगह खुद बना ली है. आप उनको वहाँ से हटा रहे हैं."

मला शरमल्यासारखे झाले. एवढी वर्षे मी मुलांना सांगत आलो, की नियम भाषेमागून येतो. लोक जसे बोलत आले त्यावरून व्याकरण लिहिले जाते. आणि येथे साठ वर्षे एकमेकांवर झिजत, एकमेकांच्या आकाराचे झालेल्या दातांना मी पुस्तकातल्या आकड्यावर आणून बसवीत होतो. पुन्हा कमान उतरविली, पुन्हा ते धूड बाकावर आले. दोन दिवस आणखी गेले. उस्तादांनी त्या दोन दिवसांचे पैसे घेतले नाहीत. मोकळीक ९ वर गेली. शेंदराचा ठसा आपल्या जुन्या जागी, दाताच्या मध्याजवळ, ऐसपैस उमटला. पिनियनचे बेअरिंग किती आवळायचे, ते पाहण्यासाठी त्याच्या तोंडाला दोरी गुंडाळून काट्याने ओढायची होती. मी घरून अण्णांच्या नमुन्यांतले सूत आणले आणि पीळ देऊन त्याची दोरी केली. उस्तादांच्या भाषेत 'सूत' म्हणजे इंचाचा आठवा भाग, अण्णांच्या भाषेत त्यांची रोजीरोटी. त्या दिवशी दोन्ही सुते एका बाकावर आली.

आई काय म्हणाली

वाचकहो, शेवट गोड करायचा म्हणून खोटे लिहीत नाही. गाडी पूर्वीसारखी झाली नाही. वेगाचा काटा पस्तीस मैलांच्या आसपास गेला, की मागून एक बारीक सूर निघतो आणि चाळिसाच्या पुढे विरतो. ओरखडे गेलेले नाहीत. ते जाणारही नाहीत. उस्तादांनी ते पहिल्याच दिवशी सांगितले होते : गेलेले लोखंड कोणी परत आणू शकत नाही, पुढे जायचे तेवढे थांबविता येते. वळणावरचा 'टण्' मात्र पार गेला, आणि उतारावरचे किंचाळणेही.

दसऱ्याला माळ घालून गाडी काढली आणि आईला मागे बसविले. कॅम्पाकडून निघून मोसम पूल ओलांडला, पुढे आग्रा रोडला लागलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी आरशातून तिच्याकडे पाहत होतो. पस्तिसाला तो सूर आला आणि माझा जीव वर गेला. आई म्हणाली, "हं. जरा म्हातारी झाली आहे. पण आहे तीच." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांनी विचारलं असतं, तेल पाहिलंस का म्हणून."

मी पाहिले होते. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी गोणपाट अंथरून मी गाडीखाली शिरतो. पाना द्यायला माझी मुलगी असते. ती नाक दाबते आणि मोबाइलवर माझे फोटो काढते. मी बूच उघडतो, करंगळी घालतो, बाहेर काढून तिला दाखवितो. ती पाहून म्हणते, "आहे." ज्या फरशीवर मी पुठ्ठे घालीत होतो, ती मी घासून काढली. डाग अजून पुरता गेलेला नाही. त्याच्यावर आता काही घालीत नाही.